कुंदाच्या घरची खिरापत

भातकुलीच्या पुढे गेलं की पाण्याची चव बदलते. निदान आमच्या लहानपणी बदलायची. गावातल्या सगळ्या विहिरी खाऱ्या, आणि त्या पाण्याचा चहा आम्हाला चहासारखाच लागायचा. अमरावतीला राहायला गेले तेव्हा पहिल्या घोटाला मला वाटलं होतं, चहा करणारी यात काहीतरी घालायला विसरली. आता गावात नळाचं गोड पाणी येतं. परवा मिनूला घेऊन माहेरी गेले, वहिनीनं कप हातात दिला, आणि त्याच ओसरीवर बसून तो चहा मला परका लागला.

मिनू माझी मुलगी, सहा वर्षांची आहे. तिला भुलाबाई दाखवायला नेते आहे, असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण वहिनीनं फोनवर जाता जाता म्हटलं, "कुंदाबी आली हाय अकोल्याहून, माहेरपणाले," आणि मग मी निघाले. कुंदाला मला एक वाक्य सांगायचं होतं. मी फार बोलणारी बाई नाही. ते वाक्य आईला सांगायचं राहून गेलं, आणि आई गेली. आता ते ऐकून घेऊ शकेल अशी जगात एकच बाई उरली होती.

भुलाबाई परमुलखातल्या लोकांना सांगावी लागते. तिकडे हादगा असतो, भोंडला असतो. आमची भुलाबाई मातीची, नाकात चमकी, शेजारी फेटा बांधलेला भुलोजी आणि मांडीवर चिमटीएवढा गणपती. भादव्यातल्या पौर्णिमेला ती माहेरी येते, कोजागिरीला सासरी जाते. तेवढा महिनाभर रोज दिवेलागणीला पोरींचा घोळका या अंगणातून त्या अंगणात जातो. टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि गाणी सरली की त्या घरची खिरापत. खिरापत अशी हातावर येत नाही. घरची पोरगी झाकलेला डबा घेऊन उंबऱ्यात उभी राहते, कानाशी नेऊन खुळखुळवते, आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर ओळखणारीचा मान. नाही ओळखलं तर सगळ्यांनी एका सुरात "हारलो" म्हणायचं, आणि मग ती पोरगी डबा उघडते. त्या क्षणी ती गावची राणी असते.

फाट्यावर एस.टी.तून उतरल्या उतरल्या वास आला. सोंगून ढीग घातलेल्या सोयाबीनचा कोरडा, किंचित तेलकट वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोच. माझ्या लहानपणी या दिवसांत ज्वारी निसवलेली असायची. संध्याकाळी वाऱ्यानं ती अख्खी हलायची आणि तिचा आवाज घरात ऐकू यायचा, जणू शेजारच्या खोलीत कोणीतरी नव्या लुगड्याची घडी मोडते आहे. कोजागिरीला भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मखर लागतो. आम्ही पोरी कोणाच्याही वावरात शिरून पाच धांडे उपटायचो, कोणी हटकायचं नाही. मग ज्वारी धुऱ्यापुरती, वावराच्या बांधापुरती राहिली. मग धुऱ्यावरूनही गेली. एका वर्षी मखरासाठी आम्ही संध्याकाळभर फिरलो आणि हात हलवत परत आलो, तेव्हा आईनं तुरीच्या ओल्या फांद्या बांधून मखर केला. भुलाबाई त्यात जंगलात हरवलेल्या बाईसारखी दिसत होती.

त्या नापिकीच्या वर्षांबद्दल लोक पुष्कळ सांगतात. मी फक्त डब्यांचा आवाज सांगू शकते. आधी प्रत्येक घराचा डबा वेगळा वाजायचा. फुटाण्यांचा खडखडाट, मुरमुऱ्यांची सरसर, खारकांचा जड, एकेक ठोका. तिळाची वडी डब्याच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकायची तेव्हा पाटीवरून पेन्सिल सरकल्यासारखं व्हायचं. शिरा, केळ्याचे काप, गूळ-पोळीचा मलिदा हे न वाजणारे, म्हणून अवघड. तिथं नाक लागायचं. बायका डब्यात फडकं कोंबून ठेवायच्या, एखादी खारीक मुद्दाम टाकायच्या, पोरींना फसवायला. बांगडीवाल्या खालाच्या घरी भुलाबाई नव्हती, पण खिरापत असे. "हमारे घरबी आना रे बाबा, नही तो मेरी शबाना रो-रोके जान खाती," असं ती दारातून ओरडायची, आणि तिच्या डब्यात शेवयांची बर्फी असायची. ती कोणालाच ओळखता यायची नाही. शबाना स्वतः आमच्यात उभी राहून तोंड दाबून हसायची.

मग हळूहळू सगळे डबे एकसारखे वाजायला लागले. सरसर. या घरी मुरमुरे, त्या घरी मुरमुरे. ओळखायला काही उरलंच नाही, तरी आम्ही ओळखायचो. "चकल्या?" "नाही." "अनारसे?" "नाही." "हारलो!" घरच्या पोरीचं मन राखायला मुरमुरे सोडून सगळी नावं घ्यायची, ही रीत आम्हाला कोणी शिकवली नव्हती. ती त्या वर्षांत आपोआप आली. मीही ती पाळत होते. एका घरी सोडून.

कुंदाचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये पळसाच्या फोकांचा कूड होता. कुडाला खालून एक खिंडार, एक पोरगी वाकून जाईल एवढं. त्यातून ताकाचा गडवा जायचा, विस्तव जायचा, आमची वेणी घालायची फणी जायची. कुंदा माझ्याहून महिन्यानं मोठी. तिचे केस जाड, दाट, त्यांना करडीच्या तेलाचा वास. गाणी तिला सगळी पाठ. मला गाणी यायची नाहीत, पण ओळखण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. पोरी म्हणायच्या, हिच्या नाकात जादू आहे. मला ते फार आवडायचं. आपल्याकडे दुसरं काही नाही हे बारा वर्षांच्या पोरीला चांगलं कळत असतं.

त्या वर्षी कुंदाचे बाबा सुरतेकडे कामाला गेलेले होते. तिच्या घरची चूल उशिरा पेटायची, लवकर विझायची. आमच्या परसातून धूर दिसतो की नाही हे आई पाहायची, मला कळू न देता. घरोघरची पाळी ठरलेली असे. कुंदाची पाळी जवळ आली तशी तिनं माझ्याशी खेळताना भुलाबाईचं नाव काढणं बंद केलं.

तिच्या पाळीच्या दिवशी मी पहाटे तळणाच्या वासानं उठले. आई चुलीपाशी कडबोळी तळत होती. आमच्या घरी कडबोळी कधी होत नसत. आई लाह्यांचे लाडू करायची, गावभर ठाऊक असलेले. मी डोळे चोळत विचारलं, "हे काय वं माय?"

"निजून राह्य."

"कडबोळी काहून?"

तिनं झारा परातीवर आपटला. "लाडू ओयखतील ना लोकं. हे कोनी ओयखणार नाही." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोनाले सांगू नको. कुंदालेबी तुले माहीत हाय असं दिसू देऊ नको. सांगशीन का?"

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तिनं डबा फडक्यात बांधला आणि खिंडारातून पलीकडे दिला. पलीकडून एका बाईचा हात आला. बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्या बाईनं त्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या. मी हे सगळं पांघरुणातून पाहिलं.

संध्याकाळी कुंदाचं अंगण सारवलेलं होतं. सारवण अजून ओलं, पायाखाली गार. गोठ्यात बैल नव्हता, पण दावणीशी त्याचा वास होता. कुंदानं त्या दिवशी गाणी अशी म्हटली की शेजारपाजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मग ती डबा घेऊन उंबऱ्यात आली. खुळखुळवला. सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या, कारण आवाज मुरमुऱ्यांचा नव्हता.

"शंकरपाळे!"

"नाही."

"खारे दाणे!"

"नाही वं."

"बोरं! वायलेली बोरं!"

"नाही नाही नाही!" कुंदा एका पायावर नाचत होती. पोरी खरोखर ओळखायला धडपडत होत्या, खोटं खोटं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. "हारल्या का? सांगा, हारल्या का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे जादूवालीबी हारली काय?"

एवढंच. याहून जास्त काही घडलं नव्हतं. ती हसत होती, तिचे दात सुंदर होते, आणि मी हरत होते.

"कडबोळी," मी म्हटलं.

तिचं हसू तिथल्या तिथं राहिलं. कोणीतरी म्हणालं, "तुले कसं समजलं वं? वास तं येतच नाही." मला थांबता आलं असतं. नाकानं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "आमच्याच घरून तं आली."

त्यानंतरची शांतता मी पुष्कळदा ऐकते. अमरावतीला, दुपारी, कुकरची शिट्टी पडून गेल्यावर जी असते ती. कुंदाची आई आतून आली. तिनं कुंदाच्या हातातून डबा घेतला, उघडला, आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक कडबोळं ठेवलं, मला दोन. मी खाल्ली. खुसखुशीत होती, ओवा जरा जास्त पडला होता.

आईला ते कळलंच. खिंडारापाशी वाकून पलीकडे म्हणाली, "पोरगी हाय वं बाई, जीभ घसरली." मी मागं उभी होते. जीभ घसरली, हे शब्द मला फार बरे वाटले. मी त्यांच्यात शिरून बसले आणि पुढं कधी बाहेर आले नाही. आई गेली तीही तेच समजून गेली.

दुसऱ्या दिवशी खिंडारात बाभळीच्या काट्या घातलेल्या होत्या. त्यांना अजून हिरवी पानं होती. आईनं कुंदाला वरच्या रस्त्यानं किती निरोप पाठवले, ती आली नाही. पुढच्या वर्षी त्या अंगणात भुलाबाई बसली नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कितीतरी अंगणांत. मग कुंदाला अकोल्याला दिली. मग मला अमरावतीला दिली. भुलाबाई सासरी जाते तेव्हा तिच्यामागं मखर मोडतात, धांडे गुरांना घालतात. काही राहत नाही.

आता गावात एकच भुलाबाई बसते, समाजमंदिरापुढे. मखर उसाचा होता, बाजारातून आणलेला. एका पोराचा मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडलेला, त्यातून गाणी चालू. पोरी नुसत्या टिपऱ्या मारत होत्या. मिनू माझा पदर धरून उभी होती. मग ते गाणं मध्येच अडकलं, आणि बायांतून एक आवाज आला, "बंद करा बाप्पा ते भोंगं! तोंडं हायेत ना तुमाले?" आणि त्या आवाजानं गाणं उचललं.

मी वळून पाहिलंच नाही. मला दिसत होतंच. ओलं सारवण, एका पायावर नाचणारी पोरगी. ज्वारी नव्हती, पण ज्वारी हलल्याचा आवाज मी ऐकला, शपथेवर सांगते. मिनूनं माझा पदर केव्हा सोडला ते कळलं नाही. ती घोळक्यात गेली, कोणीतरी तिच्या हातात टिपऱ्या दिल्या.

गाणी पोरींना जमायला लागली तशी कुंदा बाजूला येऊन ओट्यावर बसली आणि आरतीच्या वाती तेलात भिजवायला लागली. मी शेजारी जाऊन बसले.

"ओयखलं का?" माझी बोली मला तोंडात जड लागली.

तिनं वर पाहिलं नाही. "न ओयखाले काय झालं? नाक तेच हाय." एक वात पिळून ताटात ठेवली. "जाडी झाली वं तू."

"तूबी झाली."

"मले कुठं टाइम हाय जाडी व्हाले." मग ती हसली. दात तेच. "तुही पोट्टी का ते, पिवळ्या झग्याची? उलट्या हातानं मारते टिपरी. पण मारते झकास."

आम्ही थोडा वेळ मिनूकडे पाहत बसलो. तो थोडा वेळ मला पुरला असता. तेवढ्यावर उठून मी परत जाऊ शकले असते, आणि कोणीच काही म्हटलं नसतं. पण मी त्याच्यासाठी आले नव्हते.

"कुंदे, मले एक सांगाचं होतं. तुमच्या घरच्या खिरापतीचं."

तिच्या हातातली वात थांबली नाही.

"माही जीभ नव्हती घसरली. मायनं मले सकायीच सांगतलं होतं, कोनाले सांगू नको म्हणून. मले सारं माहीत होतं. मी हारून राहिली होती, म्हणून सांगतलं."

"मले माहीत हाय," कुंदा म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"तुले माहीत होतं ते." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "ओयखणारी पोरगी डब्याकडे पायते. तू डब्याकडे पायलंच नाही. माह्याकडे पायलं, अन् मंग बोलली."

पोरी गाण्याच्या शेवटच्या कडव्यावर आल्या होत्या. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "इतके वर्सं तू..."

"इतके वर्सं काय? गावभर दवंडी देऊ का? अन् आता सांगून मी काय करू त्याचं? तुह्या डोक्यावरचं उतरवून माह्या डोक्यावर ठेवाले आली का, अमरावतीहून भाडं लावून?"

ती रागानं बोलत नव्हती. भाजीवालीशी बोलावं तसं बोलत होती. ते खरं होतं. मी माझं ओझं घेऊन आले होते, तिचं काय असेल याचा मी इतक्या वर्षांत विचारच केला नव्हता.

तिनं ताट पुढं सरकवलं, हात पदराला पुसले.

"मले एकच गोष्ट सलते," ती म्हणाली. "म्या खाल्लं नाही. तो डबा सकायपासून घरात होता. कडबोळी हाय असं मायनं सांगतलं होतं, म्या उघडून पायलाबी नाही. संध्याकायी सगळ्यायच्या संगं खाईन म्हणून. आंगण सारवलं, पाणी भरलं, अन् दिवसभर झाकणाले नाक लावून वास घेत राहिली. अन् मंग सगळ्यायनं खाल्लं. तू तं दोन खाल्ली." तिनं ताटाची कड धरली. "भूक लागली होती वं मले. दुसरं काही नाही. भूक लागली होती."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो ताटाखाली घालून ताट उचललं.

"काकू गेली तवा मी आली होती," ती उठता उठता म्हणाली. "बाहेरच्या दारापाशी उभी होती, चपलांपाशी. तू रडून राहिली होती."

"मंग बोलली काहून नाही माह्याशी?"

"तुह्यासाठी थोडीच आली होती. तिच्यासाठी आली होती."

"आत्या, चाल ना वं!" पोरींनी हाका मारल्या, आणि ती आरतीचं ताट घेऊन गेली. वाती पेटल्या. मी ओट्यावर बसून पाहत होते. उजेड तिच्या तोंडावर, पोरींच्या तोंडांवर, मिनूच्या तोंडावर सारखाच पडत होता. कापराचा वास आला. मला वाटलं, हे सगळं मी कुडाच्या अलीकडून पाहते आहे, आणि तसंच असायला हवं. खिरापतीला कोणीतरी बिस्किटांचे पुडे आणले होते, पारदर्शक पिशवीत. पोरींनी आनंदानं खाल्ले. कुंदानंही एक बिस्किट घेतलं आणि तिथंच उभ्यानं खाल्लं.

शेवटची एस.टी. गाठायची होती म्हणून आम्ही निघालो. वहिनी सोडायला आली होती. वाटेत कुंदा भेटली, तिच्या भावाच्या दारात. ती खाली वाकली, दोन्ही हातांनी मिनूचं तोंड कुरवाळलं, आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.

"येजो वं बाई पुढच्या साली," ती मिनूला म्हणाली. "गाणे शिकवतो तुले. येशीन ना?"

"येईन," मिनू म्हणाली.

मी उभी होते. कुंदानं पदर सावरला, वहिनीला काहीतरी बोलली, आणि आत गेली.

गाडीत मिनूनं खिडकीची जागा घेतली. बाहेर सोयाबीनचे ढीग अंधुक दिसत होते, आणि मधूनच कपाशीचं एखादं फुटलेलं बोंड पांढरं. मला वाटलं ती झोपली. पण ती विचार करत होती.

"ती आत्या मला ये म्हणाली."

"हो."

"तुला नाही म्हणाली."

"नाही."

तिनं खिडकीकडे पाठ केली. मग माझ्या हातावर हात ठेवून, मोठ्या माणसानं समजूत काढावी तशी म्हणाली, "मग तू माझ्याबरोबर ये. मला एकटीला कुठं उतरायचं ते कळत नाही."

मी तिला आमच्या फाट्याचं नाव सांगितलं. म्हणून दाखव, असं म्हटलं. तिनं ते एकदा चुकीचं म्हटलं, मग बरोबर म्हटलं. मग ती ते हळू आवाजात गाण्यासारखं म्हणत राहिली, भातकुली येईपर्यंत.